आधी बाहुलीला सुई

दवाखान्यात सुई पाहून रडणारे लहान मूल तुम्ही पाहिले असेलच. मोठी माणसे त्याला सांगतात, "रडू नकोस, मुळीच दुखणार नाही." पण सुई टोचते, दुखते आणि मुलाचा विश्वास उडतो. पुढच्या वेळी ते दारातूनच रडू लागते.

रुग्णालयात राहावे लागले तर ही भीती आणखी वाढते. तेथे घर नसते, ओळखीची माणसे नसतात. आजार का झाला, हे लहान मुलाला कळत नाही. 'मी खोड्या केल्या म्हणून मला ही शिक्षा मिळाली,' असेही त्याला वाटते.

अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात डॉ. फ्रेडरिक रॉबिन्स हे बालरोगतज्ज्ञ होते. पोलिओच्या विषाणूवरील संशोधनासाठी त्यांना दोन सहकाऱ्यांसह १९५४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. केवळ औषधाने मुलांचे सारे दुःख दूर होत नाही, हे त्यांनी ओळखले होते. १९५५ साली त्यांनी एमा प्लँक या शिक्षिकेला रुग्णालयात बोलावले. प्लँकबाईंनी तेथील मुलांसाठी खेळ, चित्रकला आणि अभ्यास सुरू केला. १९६२ साली त्यांनी या कामावर पुस्तकही लिहिले. आज अनेक देशांतील रुग्णालयांत असे काम चालते.

खेळाने भीती कशी कमी होते? मुलाच्या हाती एक बाहुली आणि सुई काढलेली सिरिंज देतात. मूल स्वतः डॉक्टर होते. बाहुलीच्या दंडाला कापूस लावते, तिला समजावते. आपल्यावर काय होणार, हे त्याला खेळताखेळता कळते. जे मूल बोलत नाही, ते चित्र काढते. चित्रात सुई माणसापेक्षा मोठी असली, तर त्याची भीती मोठ्यांना समजते. सुई टोचताना साबणाचे फुगे उडवायला दिले, तर श्वास सावकाश सोडावा लागतो. अंग सैल पडते आणि लक्षही फुग्यांकडे जाते.

मित्रांनो, तुमच्या धाकट्या भावंडाला रुग्णालयात जावे लागले, तर त्याचे आवडते खेळणे, कागद आणि रंग द्यायला अम्मीला सांगा. "थोडे दुखेल, पण मी जवळ आहे," असे त्याला खरे सांगा. खऱ्या शब्दांनी त्याला धीर येईल.

स्वाध्याय
१. मुलाचा मोठ्यांवरील विश्वास का उडतो?
२. साबणाच्या फुग्यांचा उपयोग कसा होतो?
३. आजारी भावंडासाठी तुम्ही काय कराल? पाच वाक्ये लिहा.