तडजोडीवर सही करण्याआधी

मोटार अपघातातल्या जखमीची नुकसानभरपाई मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ठरते. ज्याच्या चुकीने अपघात झाला त्या गाडीचा चालक आणि मालक ती देणे लागतात. गाडीचा विमा असला की ती रक्कम कंपनी भरते. एसटीच्या गाड्यांना विम्यातून सूट आहे, तिथे महामंडळ स्वतःच पैसे देते. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. अपघात जिथे झाला तिथेच तो लावला पाहिजे असे नाही. मूर्तिजापूरच्या माणसाला नागपूरजवळ ट्रकने उडवले, तरी राहत्या जिल्ह्याचे न्यायाधिकरण म्हणून अकोल्याला दावा चालतो. निकाल पटला नाही तर ९० दिवसांत उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे अपील करता येते.

अमरावती–अकोला मार्गावर, म्हणजे जुन्या सहा नंबरच्या आणि आताच्या ५३ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर, जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची डांबरी पट्टी १०५ तास ३३ मिनिटांत टाकून विश्वविक्रम झाला. त्याच रस्त्यावर जखमी होऊन अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात दाखल झालेल्यांचे दावे मात्र वर्षानुवर्षे चालतात. तोवर घरातले पैसे संपतात, उसनवारी होते आणि सोयरे सांगू लागतात, ‘कायले कोर्टाच्या भानगडीत पडता, भेटते थे घ्या.’ बहुतेक तडजोडी या टप्प्यावर होतात, आणि समोर ठेवलेली रक्कम कशाच्या हिशेबाने आली हे फार थोडे जण विचारतात.

हा हिशेब गुपित नाही. सर्वोच्च न्यायालयाने ‘राजकुमार विरुद्ध अजय कुमार’ या २०१० च्या निकालात जखमीच्या भरपाईची कलमे मांडून दिली आहेत. उपचार, औषधे, प्रवास आणि आहाराचा खर्च, उपचाराच्या काळात बुडालेली कमाई, कायमच्या अपंगत्वामुळे पुढे बुडणारी कमाई, पुढच्या उपचारांचा खर्च, वेदना, आणि आयुष्यातले सुख हिरावले गेल्याची भरपाई. तडजोडीच्या वेळी चर्चा बहुधा पहिल्या कलमावरच अडकते: दवाखान्याचे बिल किती झाले, त्यावर थोडे वाढवून मिटवून टाकू. खरी मोठी रक्कम असते ती पुढे बुडणाऱ्या कमाईची.

तिथे कळीचा मुद्दा अपंगत्वाच्या टक्क्यांचा. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावरचा टक्का आणि कमाईत झालेली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याच निकालात न्यायालयाने दाखला दिला आहे: डावा हात गेलेल्या माणसाचे अपंगत्व सुमारे ६० टक्के धरले, तरी तो ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्णच जाते, सरकारी कचेरीतल्या कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. म्हणून ‘प्रमाणपत्रात २० टक्केच लिहिले आहेत’ हे विमा कंपनीचे उत्तर अंतिम समजायचे कारण नाही. जखमीला रोज काय काम करावे लागत होते आणि त्यातले आता काय जमत नाही, हे पुराव्यात आले पाहिजे. उलट बाजूही आहे. ज्याने कधी उपचार केले नाहीत अशा डॉक्टराचे सढळ हाताने दिलेले प्रमाणपत्र न्यायालय संशयाने पाहते. ज्यांनी हाड जोडले त्यांची साक्ष किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मंडळाचा दाखला जास्त टिकतो.

आता आकडेमोड. समजा, ३४ वर्षांचा गवंडी महिना १५,००० रुपये कमावतो आणि त्याची कमाईची क्षमता ४० टक्के घटली. ‘सरला वर्मा’ निकालाने (२००९) वयाप्रमाणे गुणक ठरवून दिले आहेत. ३१ ते ३५ वयाला १६, ४१ ते ४५ ला १४, ५१ ते ५५ ला ११. कमाई पुढे वाढली असती म्हणून ‘प्रणय सेठी’ निकालाने (२०१७) स्वतःच्या हिमतीवर कमावणाऱ्या चाळिशीच्या आतल्या माणसाच्या उत्पन्नात ४० टक्के भर घालायला सांगितले. म्हणजे महिना २१,०००, वर्षाला २,५२,०००, गुणिले १६, त्याचे ४० टक्के: १६,१२,८०० रुपये. ही भर धरलीच नाही तर तोच आकडा ११,५२,००० वर येतो. एक ओळ वगळली की साडेचार लाखांवर पाणी पडते. उपचाराचा खर्च, वेदना वगैरे कलमे याहून वेगळी. मृत्यूच्या दाव्यात मृताचा स्वतःचा खर्च उत्पन्नातून वजा होतो. जखमीच्या दाव्यात तो होत नाही, आणि कुणी तो वजा करून दाखवला तर हटकावे.

उत्पन्नाचा पुरावा ही वऱ्हाडातली मोठी अडचण. पगारपत्रक थोड्यांकडेच असते. कागद नसेल तर न्यायाधिकरण किमान वेतनाचा आधार घेऊन उत्पन्न अंदाजाने धरते, आणि तो अंदाज बहुधा बेताचाच असतो. बाजार समितीची हिशेबपट्टी, जिनिंगमध्ये कापूस विकल्याच्या पावत्या, बँकेचे पासबुक, ठेकेदाराचे हजेरीपत्रक यांतले काहीही उपयोगी पडते. शेतकऱ्याच्या बाबतीत नुसता सातबारा पुरत नाही. वावर तर घरातच राहिले, मग नुकसान कशाचे, असा सवाल येतो. नुकसान राबणाऱ्या आणि देखरेख करणाऱ्या माणसाचे असते. त्याच्या जागी सालदार ठेवावा लागला तर त्याला दिलेल्या पैशाची नोंद जपावी. घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामालाही न्यायालये पैशात मोल देतात, तेव्हा ‘ती कमावत नव्हती’ हे ऐकून घेऊ नये. मेडिक्लेमचे पैसे मिळाले म्हणून दवाखान्याचा खर्च भरपाईतून कापायचा नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये सांगितले आहे. फक्त मूळ बिले मेडिक्लेमकडे जाण्याआधी त्यांच्या प्रती काढून ठेवाव्यात.

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तडजोडीची वाट बदलली. अपघाताची माहिती मिळाल्यावर ३० दिवसांत विमा कंपनीने प्रस्ताव द्यायचा आहे. तो मान्य केला तर न्यायाधिकरण तडजोड नोंदवते आणि पुढच्या ३० दिवसांत पैसे येतात. सोय चांगली आहे, पण मांडीचे हाड मोडलेल्या माणसाची प्लेट काढावी लागेल की नाही, पाय आखूड राहील की नाही, हे महिनाभरात डॉक्टरही सांगत नाहीत. शिवाय चूक सिद्ध न करता मिळणारी ठरावीक रक्कम कलम १६४ खाली आहे: मृत्यूसाठी ५ लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. ती घेतली की न्यायाधिकरणापुढचा मोठा दावा संपुष्टात येतो. वरच्या गवंड्याने अडीच लाख घेतले तर सोळा लाखांचा विषय तिथेच मिटला.

याच दुरुस्तीने दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, तरी त्या भरवशावर राहू नये. उपचार चालू असले तरी दावा मुदतीत लावावा आणि तडजोडीची बोलणी जखम स्थिरावल्यावर करावीत. व्याजही दाव्याच्या तारखेआधीचे मिळत नाही. आधी मागितलेला आकडा कमी होता म्हणून नुकसान होत नाही. पुरावा असेल तर न्यायाधिकरण मागणीपेक्षा जास्तही देऊ शकते.

काही दाव्यांत आकड्याआधी ‘देणार कोण’ हाच प्रश्न येतो. कापूस वेचायला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जाणाऱ्या बाया, मेळघाटातून मालवाहू गाडीत भरून येणारे मजूर: ट्रॉली किंवा मालवाहू गाडी उलटली की विमा कंपनी म्हणते, या प्रवाशांचा विमा नव्हताच. बऱ्याचदा ते खरे ठरते आणि वसुली मालकावर येते. काही निकालांत कंपनीने आधी द्यावे आणि मालकाकडून वसूल करावे असा आदेश होतो. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात मोटारसायकलवर मागे बसलेल्याचीही हीच गत. म्हणून पॉलिसीची प्रत पाहिल्याशिवाय तडजोडीच्या रकमेवर बोलणे निरर्थक आहे. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही तर गंभीर जखमीला ५०,००० आणि मृताच्या वारसांना २ लाख रुपये ठरलेले आहेत. अर्ज महसूल खात्याच्या चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदाराकडे जातो.

राहिली लोकअदालत. तिथे वर्षांचा दावा एका दिवसात मिटतो आणि भरलेले न्यायालय शुल्कही परत मिळते, ते सोडण्यासारखे नाही. मात्र १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार तिथल्या निवाड्यावर अपील नाही. पुढे शस्त्रक्रिया निघाली तर तो खर्च जखमीचाच. ज्यांना वकील परवडत नाही त्यांनी आकडा मान्य करण्याआधी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.