सॉफ्टवेअर मारण्याआधी

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ‘सॉफ्टवेअर मारावं लागेल’ असं कानावर आलं, की फोन परत मागून घ्या. बहुतेक वेळा त्यानंतर फोन पुसून कोरा होणार असतो. आतल्या फोटोंची प्रत कुठे ठेवली आहे का, हे आधी विचारणारे चांगले दुकानदार आहेत, पण प्रत्येक जण विचारेलच असं नाही. माझ्या धाकट्या भावाला कुणी विचारलं नाही.

आमच्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन गावी झालं. भाऊ दिवसभर फोटो काढत होता. पुढे थोड्याच दिवसांत त्याचा फोन कंपनीच्या लोगोवर अडकला. तालुक्याच्या ठिकाणी दुकानात दिला आणि संध्याकाळी चालू होऊन हातात आला, तो रिकामा. आतलं मेमरी कार्डही फॉरमॅट झालेलं. ‘ताई, आजीला एवढ्यात सांगू नकोस,’ एवढंच तो मला म्हणाला.

मग ते फोटो शोधायचं काम मी अंगावर घेतलं. बरेच मिळाले, काही कायमचे गेले. कुठे मिळाले आणि कुठे नाही ते सांगायलाच हवं, कारण अशा वेळी लोक नेमके उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी पैसे भरून रिकव्हरीचं ॲप घेतात आणि सगळे उपाय थकल्यावर कचरापेटी उघडतात. तोवर कचरापेटीची मुदत संपलेली असते.

मुदत हा शब्द घरातल्या सगळ्यांना पाठ हवा. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो डिलीट केला, तर तो कचरापेटीत ६० दिवस राहतो. बॅकअप झालेला नसेल तर ३० दिवस. आयफोनमधल्या ‘रीसेंटली डिलीटेड’मध्ये ३० दिवस, सॅमसंगच्या गॅलरीतही ३० दिवस. त्यानंतर तो आपोआप जातो. आमच्या मावशीने समारंभाचे फोटो ‘जागा होत नाही’ म्हणून काढून टाकले होते. तिची कचरापेटी उघडली, तर सगळे तिथेच होते. आणखी थोडे दिवस गेले असते, तर तेही हाती लागले नसते.

भावाचं गुगल खातं उघडलं, तेव्हा जुने फोटो सगळे दिसले, समारंभाचा मात्र एकही नाही. कारण साधं होतं. १ जून २०२१ पर्यंत गुगल थोड्या कमी दर्जाचे फोटो कितीही ठेवू द्यायचं. त्यानंतरचे फोटो १५ जीबीच्या मोफत जागेत मोजले जाऊ लागले. ती जागा ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिन्हींत मिळून असते. ती भरली की बॅकअप थांबतो, सूचना येते, आणि ती सूचना आपण बोटाने बाजूला सारतो. कितीतरी घरांत बॅकअप चालू आहे असं लोक धरून चालतात आणि प्रत्यक्षात तो कधीचाच थांबलेला असतो. फोनमध्ये दोन ईमेल खाती असतील, तर दोन्हींत डोकावून बघा, कारण फोटो भलत्याच खात्यात जाऊन बसलेले असू शकतात.

आम्हाला सर्वांत जास्त फोटो मिळाले ते नातेवाइकांकडे. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भावाने त्याच दिवशी बरेच टाकले होते. मी एकेकाला फोन करून विनंती केली, की गॅलरीत शोधू नका, ग्रुपच्या नावावर टिचकी मारून आतलं ‘मीडिया’ उघडा. गॅलरीतून गायब झालेले फोटो तिथे कधीकधी सापडतात. ज्यांनी तेव्हा फोटो डाउनलोडच केले नव्हते, त्यांच्याकडे नुसती धूसर चौकट उरली होती. व्हॉट्सॲपवर फोटो लहान होतो आणि काढल्याची तारीखही त्यात राहत नाही. म्हणून मोलाचा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, तो जसाच्या तसा पोहोचतो.

आता फोनच्या आतल्या साठवणीबद्दल. अँड्रॉइड १० किंवा त्यापुढची आवृत्ती घेऊन बाजारात आलेल्या फोनमध्ये सगळा मजकूर सांकेतिक रूपात साठवणं बंधनकारक आहे आणि आयफोनमध्ये ते फार आधीपासून आहे. फॅक्टरी रिसेट करताना फोन त्या संकेताची किल्लीच नष्ट करतो. तिजोरी शाबूत राहिली आणि किल्ली वितळवली, तर जे होईल तेच इथे होतं. त्यामुळे रिसेट झालेल्या अशा फोनमधून फोटो काढून देतो म्हणणाऱ्या ॲपला एक रुपयाही देऊ नका. रिसेट झालेला नसतानाही ही ॲप्स फोनमध्ये आधीच असलेले छोट्या, अंधुक प्रतिमा गोळा करून ‘हजारो फोटो सापडले’ असं दाखवतात आणि मोठा फोटो हवा म्हटलं की पैसे मागतात. वर सगळ्या फायलींची परवानगी त्यांच्या हातात जाते ती वेगळीच. मदत करतो म्हणून कुणी फोनवर बोलता बोलता स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगितलं, तर तिथेच थांबा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा.

मेमरी कार्डाचं मात्र वेगळं आहे. कार्डावरचा फोटो डिलीट झाला किंवा कार्ड फॉरमॅट झालं, की सहसा फोटोची नोंद तेवढी पुसली जाते, फोटो त्या जागी नवीन काही लिहिलं जाईपर्यंत टिकतो. म्हणून फोन परत आला त्याच दिवशी मी भावाला सांगून कार्ड काढायला लावलं आणि त्याने मध्ये एकही नवा फोटो काढला नाही, हे आमचं नशीब. कार्ड रीडरने संगणकाला जोडून ‘फोटोरेक’ चालवलं. क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी तयार केलेली ही मोफत प्रणाली आहे. सापडलेले फोटो कधीही त्याच कार्डावर उतरवू नका, संगणकावर घ्या. काळ्या चौकटीत आकडा वाढत गेला आणि फोल्डरमध्ये ‘एफ’ने सुरू होणाऱ्या आकडी नावांच्या फायली साचल्या. मूळ नावं गेली, पण तारखा फोटोंच्या आत शाबूत होत्या. एका फोटोत औक्षणाचं ताट आणि आजीचा चेहरा स्वच्छ, नऊवारीच्या पदराखाली मात्र सपाट करडी पट्टी. तेवढ्या भागावर फोनने दुसरं काही लिहून टाकलं होतं. कार्ड ‘इंटर्नल स्टोरेज’ म्हणून जोडलेलं असेल, तर तेही सांकेतिक होतं, मग हा उपाय चालत नाही.

फोन बंद पडला, पण रिसेट झालेला नाही, तर आशा बरीच असते. पाण्यात पडला असेल तर चार्जिंगला लावू नका आणि तांदळाच्या डब्यात ठेवू नका. तांदळाचे कण फोनचं नुकसान करू शकतात, असं ॲपलनेच सांगितलं आहे. नुसती स्क्रीन फुटली असेल, तर स्क्रीनच बदलून घ्या. लोगोवर अडकलेल्या काही फोनमध्ये डेटा न पुसता सॉफ्टवेअर पुन्हा भरता येतं. आयफोन संगणकाला जोडल्यावर ‘अपडेट’ आणि ‘रिस्टोअर’ असे दोन पर्याय येतात. त्यातला पहिला निवडायचा, दुसऱ्याने सगळं पुसलं जातं. मदरबोर्ड गेला असेल, तर बोर्डच दुरुस्त करणाऱ्याकडे जा. नुसती साठवणीची चिप काढून उपयोग नाही, कारण किल्ली बोर्डावरच्या प्रोसेसरशी बांधलेली असते.

दुकानात फोन देताना पावतीवर ‘डेटा पुसू नये, आधी विचारावे’ असं लिहून घ्या आणि मेमरी कार्ड स्वतः काढून खिशात ठेवा. घरातल्या वयस्कर माणसांचे फोन या रविवारी एकदा हातात घ्या. गुगल फोटोज उघडून वरच्या कोपऱ्यातल्या त्यांच्या चित्रावर टिचकी मारा, बॅकअप पूर्ण झाला की थांबला आहे ते तिथेच लिहिलेलं असतं. थांबला असेल, तर फोटो संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या.