अंगठ्याची तालीम : युकुलेले बोटांनी वाजविताना

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मला युकुलेले घेऊन रंगमंचावर येताना ज्यांनी पाहिले, त्यांनी मला तिसऱ्या मिनिटाला खाली उतरतानाही पाहिले आहे. गाणे मी चांगल्या संथ लयीत सुरू केले होते. पण दुसऱ्या कडव्यापर्यंत हात पुढे आणि गळा मागे अशी अवस्था झाली व अखेर दोघांचीही वाट चुकली. मागच्या रांगेतून कुणीतरी “तुणतुणे थांबले रे!” असे ओरडले. सभागृह हसले. मीही हसल्यासारखे केले आणि निघून गेलो.

ती थट्टा किती अचूक होती, हे मला पुढे सहा महिन्यांनी कळले. प्रस्तुत लेखात हे वाद्य बोटांनी कसे वाजवावे याचा मला साधलेला मार्ग मांडणार आहे. मी संगीताचा विद्यार्थी नाही. त्यामुळे जाणकारांना यात उणिवा दिसतील. पण जो स्वतः खड्ड्यात पडला त्याला खड्डा कोठे आहे एवढे तरी सांगता येते.

वाद्याची ओळख

युकुलेले दिसायला लहान मुलांच्या गिटारसारखे असते. त्याला नायलॉनच्या चार तारा असतात. हवाई बेटांवर त्याचा उच्चार ‘उकुलेले’ असा करतात आणि ‘उडी मारणारी पिसू’ असा त्या नावाचा अर्थ सांगतात. वाद्य मात्र मुळात पोर्तुगीज वंशाचे. २३ ऑगस्ट १८७९ रोजी ‘रेव्हनस्क्रॅग’ नावाचे जहाज मदेरा बेटावरील मजुरांना घेऊन होनोलुलूला पोचले. हे लोक तेथील उसाच्या मळ्यांत काम करण्यासाठी आले होते. त्यांच्यातच मान्युएल नुनेस, आउगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सान्तो हे तीन सुतारकाम जाणणारे कारागीर होते. मदेरातील ‘मशेते’ या लहान तंतुवाद्यावरून त्यांच्या हातून युकुलेले घडले. हवाईचा राजा कालाकाउआ याने त्याला दरबारात मान दिला, आणि १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनानंतर ते अमेरिकेत घरोघर पोचले. मजुरांबरोबर आलेले वाद्य राजवाड्यात गेले, ही गोष्ट मला फार आवडते.

आता तारा पाहू. वाद्य हातात धरले असता हनुवटीकडची तार चौथी आणि जमिनीकडची पहिली. ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी पांढरी एक ‘सा’ धरावी. मग चौथ्या तारेपासून पहिलीपर्यंत मोकळ्या तारांचे स्वर असे येतात : प, सा, ग, ध. येथे एक गंमत आहे. गिटारवर हनुवटीकडची तार सर्वांत खर्जाची असते. येथे तसे नाही. चौथ्या तारेचा पंचम मध्य सप्तकातला, म्हणजे शेजारच्या ‘सा’हून वरचा आहे. सर्वांत खालचा स्वर तिसऱ्या तारेवर सापडतो. गिटार शिकलेला मनुष्य येथे प्रथम गोंधळतो तो यामुळेच.

बोटांची वाटणी

बहुतेक नवशिके सर्व तारांवरून एकदम तर्जनी फिरवतात. त्यात लय मिळते, पण प्रत्येक तारेचे बोलणे वेगळे ऐकू येत नाही. बोटांनी तारा सुट्या छेडायच्या असतील तर कामाची वाटणी ठरवून घ्यावी लागते. मी केलेली वाटणी अशी : चौथी आणि तिसरी तार अंगठ्याकडे, दुसरी तर्जनीकडे, पहिली मध्यमेकडे. कोणी चार बोटे चार तारांना वाटून देतात. तीही रीत चांगली आहे. परंतु पहिल्या रीतीत अंगठ्याला दोन तारा मिळतात, आणि त्याचा लाभ पुढे दिसेल.

हे आपल्याला अगदी परके नाही. तंबोऱ्यालाही चारच तारा असतात. पहिली तार मध्यमेने आणि उरलेल्या तीन तर्जनीने छेडतात. तंबोरा छेडणाऱ्याकडे आपण वाजविणारा म्हणून कधी पाहत नाही, एवढेच.

आबाजींचे निदान

माझे गाव नाकाडोंगरी. तुमसरहून गोबरवाहीच्या अंगाने आले की मध्य प्रदेशच्या सीमेआधी लागते. जवळच डोंगरी बुजुर्गची मँगनीजची उघडी खाण आहे. तेथील मँगनीज डायऑक्साइड कोरड्या सेलसाठी वापरतात. तारा जुळविण्याचे जे चिमट्यासारखे यंत्र मी वाद्याला लावतो, त्यातल्या गोल सेलमध्येही मँगनीज डायऑक्साइडच असते, हे कळल्यावर मला उगीचच अभिमान वाटला होता.

माझे आजोबा, ज्यांना आम्ही आबाजी म्हणतो, ते तरुणपणापासून खडी गंमतीत शाहिराच्या मागे तुणतुणे घेऊन उभे राहत. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकव्याचा झटका आला. बोलणे परत आले, पण उजव्या हाताची बोटे परत आली नाहीत. तेव्हापासून तुणतुणे खुंटीला टांगले आहे. ते खाली काढू का, असे वडिलांनी एकदा विचारले. आबाजी उत्तर न देता उठून अंगणात गेले. त्यानंतर कोणी विचारले नाही.

अशा घरात मामेभावाने नागपूरहून आणलेले युकुलेले घेऊन बसताना मला चोरट्यासारखे वाटे. मी मागच्या पडवीत वाजवी. संमेलनात फजिती झाल्यावर तर दार लावून वाजवू लागलो. मोबाइलवरच्या धड्यांतले सगळे ठोके मला पाठ होते. पण दहा ओळी झाल्या की लय सुटे. का सुटते हे धडा सांगत नसे, कारण धडा मला ऐकत नव्हता.

एके दिवशी ऐकणारा मात्र भिंतीपलीकडे होता. आबाजी दाराशी आले आणि म्हणाले, “तुजा आंगठा परते.” झाडीबोलीत ‘परते’ म्हणजे ‘पळतो’. मी म्हटले, “बोटे चुकतात, आबाजी.” त्यांनी मान हलविली. बोटे चुकत नव्हती. अंगठा पळत होता आणि बोटे त्याच्यामागे धापा टाकत होती. त्यांनी बाजेवर बसून डाव्या हाताने मांडीवर ठेका धरला आणि फक्त अंगठा वाजवायला सांगितले. बाकी बोटे मिटून.

अंगठा म्हणजे तुणतुणे

तुणतुण्याला एकच तार. खाली चामड्याने मढविलेले नळकांडे, बाजूला काठी, वर खुंटी. शाहीर गाण्यात कोठेही जावो, चढो, थांबो, श्रोत्यांशी बोलो. तुणतुणे आपल्या जागी चालू राहते. मराठीत कंटाळवाण्या बोलण्याला आपण ‘तेच ते तुणतुणे’ म्हणून हिणवतो. पण ते ‘तेच ते’ असते म्हणूनच शाहिराला फिरता येते. आबाजींच्या म्हणण्याचे सार असे, की माझ्या हातात शाहीर दोन होते, तर्जनी आणि मध्यमा. झीलकरी मात्र एकही नव्हता.

पहिले पंधरा दिवस मी फक्त अंगठा वाजविला. चौथी तार, तिसरी तार, चौथी, तिसरी. भिंतीवरच्या घड्याळाच्या एका टिकटिकीला एक ठोका, म्हणजे मिनिटाला साठ. हे स्वर कोणते ते पाहा : प, सा; प, सा. म्हणजे पंचमात लावलेल्या तंबोऱ्याचेच स्वर झाले! अंगठ्याकडे या दोन तारा दिल्याचा लाभ म्हणालो तो हाच.

आबाजींनी याची परीक्षाही ठरवली होती. अंगठा चालू असताना ते प्रश्न विचारीत : जेवलास काय, गाडी किती वाजता आहे, पऱ्हे किती दिवसांचे झाले. उत्तर देताना ठोका अडखळला की पुन्हा पहिल्यापासून. तोंड मोकळे झाले म्हणजे अंगठा तयार झाला, हे त्यांचे माप होते. याहून चांगले माप मला अद्याप सापडलेले नाही.

नंतर बोटे उघडली. आठ मात्रांच्या केरव्यासाठी हा क्रम घ्यावा :

मात्रा : १ २ ३ ४ ५ ६ ७ ८
तार : ४ २ ३ १ ४ २ ३ १
बोट : अं त अं म अं त अं म

(अं – अंगठा, त – तर्जनी, म – मध्यमा.) विषम मात्रा सगळ्या अंगठ्याच्या आहेत. सम आणि खाली या दोन्ही जागी चौथी तार येते. सहा मात्रांच्या दादऱ्यासाठी ४, ३, २, १, २, ३ असा चढउतार करावा. चौथ्या मात्रेला, म्हणजे खालीला, पहिली तार येते आणि तिच्या उंच स्वराने ताल आपोआप दोन भागांत उमटतो.

एक सूचना. बोट तारेला ओढून वर उचलू नये. तारेवर टेकवून तळहाताच्या दिशेने हलकेच मिटावे. वाद्य लहान आहे. जोर केल्यास आवाज वाढत नाही, फाटतो.

खाणीच्या मुलुखातील एक अंगठा

पुढे वाचनात आले, की आबाजींचे म्हणणे सातासमुद्रापलीकडेही कोणी हाताने सिद्ध केले आहे. अमेरिकेत केंटकी राज्यातील म्यूलेनबर्ग परगणा हा कोळशाच्या खाणींचा भाग. तेथे खाणकामगाराच्या घरी मर्ल ट्रॅव्हिस (१९१७–१९८३) जन्मला. अंगठ्याने खर्जाच्या तारांवर न थांबता एकआड-एक ठोका धरायचा आणि त्यावर तर्जनीने चाल वाजवायची, ही गिटारची रीत आज त्याच्या नावाने ओळखली जाते. ती त्याने एकट्याने शोधली नाही. त्याच भागातील वादकांकडून ती त्याच्याकडे आली आणि तिचे मूळ आर्नल्ड शुल्ट्झ (१८८६–१९३१) या कृष्णवर्णीय वादकापर्यंत नेऊन पोचवितात. ट्रॅव्हिसने १९४६ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले ‘सिक्स्टीन टन्स’ हे गीत खाणकामगाराच्या कर्जबाजारी जिण्याचे आहे.

वरचा केरव्याचा क्रम या रीतीचाच धाकटा भाऊ होय. फरक एवढाच, की युकुलेलेची चौथी तार उंच असल्यामुळे येथे खर्ज घुमत नाही; आवाज घुंगरासारखा हलका राहतो.

चार कॉर्ड

डाव्या हाताला आरंभी चार कॉर्ड पुरतात. कंसात चौथ्या तारेपासूनचे स्वर दिले आहेत.

सी – पहिल्या तारेचा तिसरा पडदा अनामिकेने दाबावा. (प सा ग सां)
ए मायनर – चौथ्या तारेचा दुसरा पडदा मध्यमेने. (ध सा ग ध)
एफ – वरीलप्रमाणेच, शिवाय दुसऱ्या तारेचा पहिला पडदा तर्जनीने. (ध सा म ध)
जी सात – दुसऱ्या तारेचा पहिला पडदा तर्जनीने, तिसरीचा दुसरा मध्यमेने, पहिलीचा दुसरा अनामिकेने. (प रे म नी)

ए मायनरवरून एफवर जाताना मध्यमा उचलू नये. तर्जनी फक्त वाढवावी. बदल नेहमी आठव्या मात्रेनंतर होतो. त्या क्षणी डावा हात उशिरा पोचला तरी चालेल, उजवा अंगठा थांबता कामा नये. चुकीचा स्वर श्रोता विसरतो, मोडलेली लय विसरत नाही. माझ्यापुरते तरी हे सर्वांसमक्ष सिद्ध झाले आहे.

भूपाची वाट

शेवटी एक शोध सांगतो. मोकळ्या तारांचे स्वर आहेत प, सा, ग, ध. भूपाचे स्वर सा, रे, ग, प, ध. म्हणजे एका ‘रे’वाचून भूप या वाद्यात आयताच जुळलेला आहे! सा तिसऱ्या मोकळ्या तारेवर, रे तिच्याच दुसऱ्या पडद्यावर, ग दुसऱ्या मोकळ्या तारेवर, प चौथ्या मोकळ्या तारेवर, ध पहिल्या मोकळ्या तारेवर आणि तार सा तिच्या तिसऱ्या पडद्यावर. बोटांचा क्रम : अंगठा, अंगठा, तर्जनी, अंगठा, मध्यमा, मध्यमा. बहुतेक स्वर वेगवेगळ्या तारांवर असल्याने एक विरण्याआधी दुसरा उमटतो आणि सारे एकमेकांत मिसळतात. या रीतीला पाश्चात्त्य संगीतात ‘कँपानेला’, म्हणजे छोटी घंटा, असे इटालियन नाव आहे. येथे मींड नाही, म्हणून याला रागविस्तार म्हणू नये. पण बोटांना घरच्या रस्त्याने चालण्याची सवय लागते, हा लाभ लहान नाही.

मंडईची रात्र

भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते आणि रात्री खडी गंमत होते. या वर्षी आमच्या गावच्या मंडळींना तुणतुण्याला माणूस मिळेना. निरोप घेऊन आलेले लोक अंगणात बसले होते. आबाजी उठले आणि डाव्या हाताने त्यांनी स्वतःच तुणतुणे खुंटीवरून काढले. तार गंजली होती. नवी तार मी ओवली, खुंटी त्यांनी पिळली. मग त्यांनी ते माझ्या हातात दिले.

रात्रभर मी शाहिराच्या मागे उभा राहून एकच तार वाजविली. माझ्याकडे कोणी पाहिले नाही, टाळी कोणी दिली नाही. पहाटे पाय भरून आले होते. आबाजी समोर घोंगडी पांघरून शेवटपर्यंत बसले होते. घरी येताना मी विचारले, “अंगठा पळाला काय?” ते म्हणाले, “नाही. दोनदा पराले पाहत होता.”

मित्रहो, आपल्यापैकी कोणाला युकुलेले, गिटार वा दुसरे कोणतेही तंतुवाद्य शिकायचे असेल तर अवश्य शिकावे. साधने आज सहज मिळतात. फक्त आरंभी पंधरा दिवस अंगठ्याला द्यावेत, आणि आपले वाजविणे ऐकणारे एक माणूस घरात किंवा गावात शोधावे. यंदाच्या संमेलनात मी पुन्हा नाव दिले आहे. मागच्या रांगेतील त्या मित्राने जरूर यावे. तुणतुणे या वेळी थांबणार नाही, असा माझा प्रयत्न राहील.

– बी. ए. भाग २