बिगर हंगामातील वायनरी भेट : ऊस उत्पादकाने काय पाहावे?



गळीत हंगाम संपला की कारखान्यात ओव्हरहॉलिंग सुरू होते आणि शेतकऱ्यालाही पावसाळ्यात चार दिवस उसंत मिळते. या उसंतीत देवदर्शन करावेच, पण एखादी खेप दुसऱ्याची शेती पाहण्यासाठीही काढावी. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये अशी एक खेप घडली, तिची हकिगत उपयोगी पडेल म्हणून देत आहे.

आमच्या गटातील एका सभासदांचा मुलगा मुंबईत साकीनाक्याला वर्कशॉपच्या गाळ्यात फिटर आहे. त्याच्या सोबतीची मंडळी सुट्टीला नाशिककडे वायनरी बघायला जातात. ते पाहून त्याने वडिलांमागे लकडा लावला, "आण्णा, हा खोडवा तुटला की ऊस मोडा आणि दोन एकर वाइनची द्राक्षं लावा." आण्णा माळकरी. ते माझ्याकडे येऊन म्हणाले, "साहेब, या वयात दारूच्या कारखान्याची पायरी चढायची का?" मी म्हटले, "प्यायला नव्हे, बघायला चला. आपल्या मळीपासून आसवनीत अल्कोहोल होतेच की." आण्णा हसले आणि तयार झाले. मुलगा साकीनाक्याहून परस्पर नाशिकला आला.

पावसाळ्यातच का जावे?

वाइनच्या द्राक्षांची तोड साधारण जानेवारी अखेर ते मार्चपर्यंत चालते. त्या वेळी पाहुण्यांची झुंबड असते आणि तिथल्या माणसांना बोलायला सवड नसते. ऑगस्टमध्ये टाक्या धुणे, बाटल्या भरणे अशी कामे निवांत चालू असतात. विचारलेल्या प्रश्नाला पुरते उत्तर मिळते.

बागेत मात्र एकही घड दिसत नाही. मुलगा जरा हिरमुसलाच. पण खरी शिकवण इथेच आहे. आपल्याकडे द्राक्षाच्या दोन छाटण्या करतात. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी घडासाठी. एप्रिलनंतर पहिल्या दोन महिन्यांत काडीच्या डोळ्यातच पुढचा घड घडत असतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पावसाळ्यात केवडा आणि भुरी यांपासून पाने सांभाळली नाहीत, तर जानेवारीत रडून उपयोग नाही. आपल्या उसाचेही असेच आहे. हंगामात जे वजन काट्यावर येते, त्याचा पाया बांधणीच्या आणि पावसाळ्याच्या दिवसांत घातला जातो.

दर कसा ठरतो?

वायनरीत द्राक्षाची गाडी आली की आधी नमुना काढतात. रसाचा ब्रिक्स, म्हणजे ढोबळमानाने साखर, आणि आम्लता तपासतात. ब्रिक्स साधारण २० ते २४ लागतो. यीस्ट त्या साखरेचे अल्कोहोल करते. लिटरला सुमारे १७ ग्रॅम साखर असली तर एक टक्का अल्कोहोल तयार होते. म्हणून गोडी कमी असली तर दर कमी किंवा माल परत. वेलीवर मालही मुद्दाम मर्यादित ठेवतात, कारण घड जास्त झाले की गोडी वाटली जाते.

इथे आण्णांनी लाखमोलाचा प्रश्न विचारला, "तुम्ही माल घेतला नाही, तर आम्ही तो कुठं विकायचा?"

तिथले व्यवस्थापक सरळ माणूस. म्हणाले, "काका, दुसरी वायनरी शोधायची. ही द्राक्षं बारीक, बियांची. खाण्याच्या बाजारात चालत नाहीत."

बंधूंनो, हा प्रश्न पोकळ नाही. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूला राजीव सामंत यांनी वाइनची द्राक्षे लावली आणि २००० साली सुला वाइन बाजारात आली. २००१ साली राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क झाले. पुष्कळ वायनऱ्या निघाल्या, शेतकऱ्यांनी बागा लावल्या. पुढे २००८ ची मंदी आली, मागणी घटली, कित्येक वायनऱ्या बंद पडल्या आणि अनेकांना उभ्या बागा काढाव्या लागल्या. ज्यांचा करार पक्का आणि वायनरी भक्कम, ते टिकले. आजही चांगले कमावणारे बागायतदार आहेत. तेव्हा पीक वाईट नाही, पण घेणारा एकच असला तर करार वाचल्याशिवाय कुदळ उचलू नये. शिवाय मांडव, तारा, ठिबक यांचा खर्च आधी आणि पुरते पीक दोन-तीन वर्षांनी.

आपण काय घ्यावे?

द्राक्ष लावा असे मी म्हणत नाही, लावू नका असेही नाही. पण पक्वता तपासण्याची त्यांची सवय मात्र आजच उचलावी. आपला एफआरपी १०.२५ टक्के मूळ उताऱ्यावर ठरतो आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला वाढ मिळते. उतारा साऱ्या कारखान्याचा मिळून धरतात. म्हणजे एकाचा कोवळा ऊस सगळ्यांचा दर खाली ओढतो. यासाठी :

१. तोडीआधी प्लॉटच्या निरनिराळ्या जागचे ऊस घेऊन हँड रिफ्रॅक्टोमीटरने शेंड्याकडचा व बुडख्याचा ब्रिक्स पाहावा. वरचा आकडा खालच्या आकड्याने भागावा. उत्तर एकच्या जवळ आले की ऊस पक्व समजावा.

२. तोडीपूर्वी जमिनीप्रमाणे दहा-पंधरा दिवस पाणी तोडावे.

३. ऊस जमिनीलगत तोडावा, साखर बुडख्यात जास्त असते. वाढे आणि पाचट मोळीत जाऊ देऊ नये.

४. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांत गव्हाणीत पडावा. पडून राहिला की वजन आणि साखर दोन्ही घटतात.

परतताना मुलगा गप्पच होता. पण डिसेंबरात गावी आला तो रिफ्रॅक्टोमीटर घेऊनच. बापलेकांनी खोडवा तपासला. खाली २१, वर १७. आण्णांनी स्वतः गट कार्यालयात येऊन "आमची तोड मागे घ्या" म्हणून सांगितले. एरवी लोक तोड लवकर मिळावी म्हणून भांडतात. तीन आठवड्यांनी वरचा आकडा २० झाला, मग कोयता लावला.

प्रत्येक गट कार्यालयात रिफ्रॅक्टोमीटर ठेवलेला आहे. तोडीच्या तारखेआधी शेतकी कर्मचाऱ्यास बोलवावे, आणि तपासणीच्या वेळी स्वतः बांधावर हजर राहावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी