दवा की दुआ?

सबमिशनच्या दिवसांत एखादा रूममेट अचानक गप्प राहू लागतो, मेसला येत नाही, रात्र रात्र जागा असतो. मग सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, "नामस्मरण कर, बरं वाटेल." दुसरा म्हणतो, "देवबिव सोड, डॉक्टरला गाठ." पण या दोघांचं खरंच भांडण आहे का?

एकेकाळी होतं. फ्रॉइडने १९२७ साली धर्माला भ्रम ठरवलं आणि मानसोपचाराच्या खोलीबाहेर चपलांसोबत श्रद्धाही काढून ठेवायची पद्धत पडली. पुढे चित्र बदललं. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९९४ च्या वर्गीकरणात 'धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या' असा वेगळा प्रकार नोंदवला. म्हणजे श्रद्धेतला प्रत्येक गोंधळ हा आजार नव्हे!

केनेथ पार्गामेंट या मानसशास्त्रज्ञाने एक फरक दाखवला. "मी प्रयत्न करतो, देव पाठीशी आहे" असं मानणाऱ्याला श्रद्धेने उभारी येते. "केटी लागली, म्हणजे देव मला शिक्षा करतोय" असं मानणारा आणखी खचतो. देवळात दोघेही जातात, पण आउटपुट अगदी उलटं! म्हणून चांगला समुपदेशक आधी विचारतो: तुझी श्रद्धा कशावर आहे? तिला तुझ्या आयुष्यात किती महत्त्व आहे? सोबत कोण आहे? उपचारात तिला जागा द्यायची का? स्वतःची मतं तो लादत नाही. नास्तिकाला पूजा सांगत नाही आणि भाविकाची पूजा सोडवत नाही.

मात्र नुसत्या दुआवर विसंबणं महागात पडतं. तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याच्या आधाराने राहणाऱ्या मनोरुग्णांच्या निवाऱ्याला २००१ साली आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्यांना पळताच आलं नाही. २८ जण गेले. याउलट गुजरातेत उनाव्याच्या दर्ग्यात 'दवा-दुआ' उपक्रम झाला. मुजावरांनी दुआ थांबवली नाही, पण रुग्णाला डॉक्टरांकडेही पाठवलं.

तेव्हा मित्रांनो, रूममेट आरती करत असेल तर करू द्या. पण झोप उडाली, जेवण सुटलं, "जगून काय उपयोग" अशी भाषा आली, तर त्याला एकटं सोडू नका. रेक्टरना सांगा, डॉक्टरकडे सोबत जा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. देवावरचा विश्वास त्याचा त्याच्यापाशी राहू दे. डॉक्टरच्या दारापर्यंतची सोबत मात्र आपल्यालाच करायची आहे.