विजेचे काम : हत्यारे, सवयी आणि अनुभवाची देवाणघेवाण

आपल्या वस्त्यांतील पुष्कळ तरुण आयटीआयमधून वायरमन किंवा इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडतात. काही जण तर ती पायरीही न चढता एखाद्या कंत्राटदाराच्या हाताखाली हेल्पर म्हणून लागतात. दोघांच्याही हाती पक्कड, पेचकस आणि टेस्टर येतो. परंतु ही हत्यारे कशी वापरावीत याचे अर्धे ज्ञान जुन्या कारागिरांच्या सवयींत असते आणि ते सहसा वाटले जात नाही. "आम्ही चटके खाऊन शिकलो, तूही शीक," असे म्हणणारे उस्ताद आजही भेटतात. विजेच्या कामात मात्र पहिला चटका शेवटचाही ठरू शकतो. म्हणून कारागिरांत नेहमी चर्चिल्या जाणाऱ्या काही मतांचा येथे विचार करू.

१) "फ्यूज आहे, मग भीती कशाची?"
हे मत सर्वांत घातक आहे. फ्यूज किंवा एमसीबी तारेचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची असते. ६० वॅटच्या साध्या बल्बमधून सुमारे पाव अँपिअर, म्हणजे २६० मिलिअँपिअर प्रवाह जातो. त्याच्या आठव्या हिश्शाइतका, साधारण ३० मिलिअँपिअर प्रवाह शरीरातून गेला तरी स्नायू आखडतात, पकडलेली तार सुटत नाही, श्वास अडखळतो. ५ अँपिअरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवण्याचा आग्रह धरावा. तथापि एका हातात फेज व दुसऱ्या हातात न्यूट्रल आला, तर तीही वाचवू शकत नाही, हे विसरू नये.

२) टेस्टर की टेस्ट लॅम्प?
टेस्टर खिशात मावतो, झटपट काम करतो. पण त्यातील लहान दिवा आपल्याच शरीरातून जाणाऱ्या अत्यल्प प्रवाहावर लागतो. कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असलो तर तो मंद दिसतो, उन्हात दिसतच नाही. टेस्ट लॅम्पचा प्रकाश स्पष्ट असतो. पण न्यूट्रल तुटलेला असेल तर फेज जिवंत असूनही तो लागत नाही. मल्टिमीटर अधिक भरवशाचा, मात्र तो एसी व्होल्टवरच ठेवलेला आहे ना, हे आधी पाहावे. अँपिअरवर ठेवून लाइनला लावला तर तो शॉर्टसर्किटच ठरतो. साधन कोणतेही असो, नियम एकच : आधी चालू असलेल्या जागी तपासा, मग कामाच्या जागी तपासा आणि पुन्हा चालू जागी तपासा. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ, तिन्ही पाहा. जुन्या इमारतीत तारेच्या रंगावर विश्वास टाकू नका.

३) मेन बंद करण्याची सवय
जुने जाणते कारागीर मेन बंद करून फ्यूज काढत आणि तो स्वतःच्या खिशात ठेवीत. ही सवय शहाणपणाची होती. आता एमसीबी खिशात ठेवता येत नाही. म्हणून तिला कुलूप लावावे, निदान "काम चालू आहे, स्विच लावू नये" अशी पाटी लटकवावी. इन्व्हर्टर किंवा जनरेटर असेल तर मेन बंद केल्यावरही तारेत वीज राहू शकते. तोही बंद करावा.

४) हातातील हत्यारे
पकडीच्या मुठीवरील आवरणाला चीर गेली असेल तर वरून टेप गुंडाळून भागवू नये, पक्कड बदलावी. १००० व्होल्टची खूण असलेलीच घ्यावी. ॲल्युमिनियमच्या शिडीऐवजी लाकडी किंवा फायबरची वापरावी. अंगठी, घड्याळ, गळ्यातील साखळी काढून ठेवावी. स्क्रूखाली तार मावत नाही म्हणून तिचे पदर छाटू नयेत. सैल वा अपुरा जोड तापतो आणि पुढे आग लागते.

५) अपघात झालाच तर
चिकटलेल्या माणसाला हात लावू नका. आधी मेन बंद करा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला दूर करा. श्वास थांबला असेल तर मदत येईपर्यंत छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब देत राहा.

बंधू-भगिनींनो, या सर्वांत अधिक धोका असतो तो नव्या हेल्परला. कंत्राटदाराला घाई असते, पोराला नोकरी टिकवायची असते, आणि "चालू लाइनवर कर" या शब्दाला नाही म्हणण्याचे धाडस त्याला होत नाही. हे नाही म्हणण्याचे बळ त्याला अनुभवी कारागिरांनीच द्यावयाचे आहे. महिन्यातून एक संध्याकाळ ज्येष्ठ कारागिरांनी आपली पिशवी उघडून तरुणांसमोर बसावे, हत्यारे दाखवावीत, मतभेद असतील तर मोकळेपणाने वाद घालावा. हुन्नर लपवून कोणी मोठा होत नाही. तो वाटल्याने मात्र कुणाच्या तरी घरचा कर्ता मुलगा संध्याकाळी सुखरूप घरी परततो.