सल्ला आणि सल्लागाराचा पक्षपात

वैद्यानें रोग्याची नाडी पाहण्यापूर्वींच औषधाची पुडी बांधून ठेविली, तर त्यास आपण काय म्हणूं? आणि त्या पुडीवर औषधविक्याकडून त्यास दलाली मिळते असें मागाहून कळलें, तर आपला विश्वास राहील काय? संगणकाविषयीं सल्ला देणाऱ्यांसही हाच प्रश्न लागू पडतो. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येक जण पुढें हा व्यवसाय करतील, आणि पालकांस अशा सल्लागाराची गरज वारंवार पडते. म्हणून या विषयाचा थोडा विचार करूं.

संगणकाचीं सर्व कामें ज्या मूळ व्यवस्थेच्या आधारें चालतात, तीस ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज ही मायक्रोसॉफ्ट कंपनीची. मॅक-ओएस ही अ‍ॅपल कंपनीची व तिच्याच यंत्रांबरोबर येणारी. लिनक्सचा गाभा लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं प्रसिद्ध केला, व तो कोणासही विनामूल्य घेतां येतो. तिहींत गुण आहेत, तशा उणिवाही आहेत. ‘सर्वांत उत्तम कोणती?’ या प्रश्नास उत्तर नाहीं. ‘या माणसाच्या या कामास योग्य कोणती?’ यास मात्र आहे.

सल्लागाराचा तोल दोन कारणांनीं जातो. एक लोभ, व दुसरें आवड. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ला मिळणारें नेहमींचें संरक्षण संपलें, तेव्हां यंत्रें विकणारा ‘नवें यंत्र घ्या’ म्हणूं लागला व लिनक्सप्रेमी ‘लिनक्स घाला’ म्हणूं लागला. दोघांचेंही उत्तर प्रश्नाआधींच तयार होतें.

आवडीचा दोष आमच्या हातूनही घडला आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका लहान छापखान्याच्या मालकांनीं आपल्या तीन जुन्या संगणकांविषयीं आम्हांस विचारलें. आम्ही लिनक्सचे भक्त. खर्च वांचेल असें सांगून तेंच घालण्यास सुचविलें. ‘सर, आपण म्हणतां म्हणजे बरोबरच असणार,’ असें म्हणून त्यांनीं मान्य केलें. परंतु मराठी अक्षरजुळणीच्या ज्या प्रोग्रॅमवर त्यांचें अनेक वर्षांचें काम सांठविलेलें होतें, तो लिनक्सवर चालेना. जुन्या फायलींत अक्षरांच्या जागीं भलतींच चिन्हें दिसूं लागलीं. ऐन लग्नसराईंत पत्रिकांचें काम चार दिवस खोळंबलें. आम्हीं एक पैही घेतली नव्हती; तरी नुकसान व्हावयाचें तें झालेंच. निर्लोभपणा म्हणजे निःपक्षपात नव्हे, हें आम्ही त्या वेळीं शिकलों.

आतां दुसरें, मोठें उदाहरण पाहूं. जर्मनींतील म्युनिक नगरपालिकेनें विंडोज सोडून लिनक्स घेण्याचें २००३ सालीं ठरविलें, व २०१३ पर्यंत सुमारें १५,००० संगणक बदलले. पुढें २०१६ सालीं कारभाराची तपासणी झाली, तींत अ‍ॅक्सेंचर ही सल्लागार कंपनी होती. याच कंपनीनें २००० सालीं मायक्रोसॉफ्टसह अव्हनाड नांवाची कंपनी काढली होती. अहवालानें मुख्य दोष कारभाराच्या रचनेंत दाखविला. तथापि २०१७ सालीं नगरसभेनें विंडोजकडे परतण्याचा ठराव केला, आणि टीकाकारांनीं त्या जुन्या भागीदारीकडे बोट दाखविलें. अहवाल अप्रामाणिक होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु सल्लागाराचा एका पक्षाशीं व्यवहार असला, म्हणजे त्याच्या खऱ्या शब्दाचेंही वजन उतरतें.

यावर उपाय काय? अमेरिकेंत १९४७ सालीं स्थापन झालेली एसीएम ही संगणकज्ञांची संस्था आपल्या २०१८ च्या आचारसंहितेंत हितसंबंध उघड करण्यास सांगते. आम्ही त्यांत आणखी दोन गोष्टी जोडूं. पहिली, बोलण्याआधीं ऐकावें: काम कोणतें, कोणत्या प्रोग्रॅमवर चालतें, दुरुस्तीस जवळ कोण आहे. दुसरी, निदान दोन मार्ग खर्चासह सांगावे, आणि ‘आहे तेंच ठेवा’ हा सल्ला योग्य असेल तर तोही द्यावा, जरी त्यांत आपणांस कांहीं मिळणार नसलें तरी.

पालकहो, सल्लागारास ‘यांत आपला काय लाभ?’ असें विचारण्यास संकोचूं नका. सज्जनास त्याचा राग येणार नाहीं. आणि विद्यार्थ्यांनो, उद्यां कोणी विश्वासानें तुमच्याकडे आला, तर त्यानें विचारण्यापूर्वींच तें सांगा.